टूलचे डॉक्स एआय एजंटला खरंच समजतायत का, हे मोजायचं कसं?

डॉकलेखिका:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज स्वतःच अडलेय म्हणून विचारते. मी एका बॅकअप-रिस्टोरच्या सीएलआय (कमांड टाइप करून चालवायच्या) टूलचं आणि त्याच्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन सांभाळते. आतापर्यंत ही पानं माणसं वाचायची. आता बरेच युजर स्वतः कमांड टाइपच करत नाहीत, एजंटला (स्वतः कमांड चालवणाऱ्या एआयला) सांगतात की कालच्या बॅकअपमधून अमुक डेटाबेस परत आण, आणि एजंट आमची पानं शोधून वाचून काय ते करतो. त्यामुळे टीममध्ये विषय निघाला की आपले डॉक्स एजंटसाठी कितपत चांगले आहेत ते तपासा आणि १०० पैकी एक आकडा द्या, आणि हे काम माझ्याकडे आलं.

मी सुरुवात सोप्या रस्त्याने केली. सगळी पानं एकेक करून एका मॉडेलला दिली, सोबत निकष दिले, स्पष्ट आहे का, पूर्ण आहे का, उदाहरणं आहेत का, आणि मार्क द्यायला सांगितले. जवळपास प्रत्येक पानाला ९० च्या आसपास मार्क. रिस्टोरच्या पानाला तर सगळ्यात जास्त. आणि गंमत नाही, खरंच त्रास झाला बघून, कारण तेच पान वाचून एजंट सगळ्यात जास्त चुकतो. पानावर एक वाक्य आहे, "रिस्टोर करण्याआधी टार्गेट तयार असल्याची खात्री करा." एजंटने खात्री केली म्हणजे काय केलं तर त्या नावाचा रिकामा फोल्डर बनवला आणि पुढे गेला. आमच्याकडे टार्गेट तयार असणं म्हणजे ते आधी रजिस्टर केलेलं असणं, त्याची कमांड वेगळी आहे आणि ती दुसऱ्याच पानावर आहे. माणूस बाजूच्या मेनूत बघतो किंवा शेजारच्याला विचारतो. एजंटला शेजारी कोणी नाही.

तर प्रश्न असे की नेमकं मोजायचं काय? एलएलएम्स डॉट टीएक्सटी, एजंट्स डॉट एमडी असल्या एआयसाठी ठेवायच्या फाइल्स असल्या तर त्याचे मार्क धरायचे का? आणि एजंटसाठी वेगळे डॉक्स लिहायचे की आहेत तेच सुधारायचे? कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर जरा सविस्तर सांगा.

ट्रेसवाचक:

तुमचा अनुभव अगदी ओळखीचा आहे. मॉडेलला पान वाचून मार्क द्यायला सांगितलं की ते भाषेला मार्क देतं, कारण वाक्य सुटसुटीत असलं की मधली गाळलेली जागा वाचणारा आपोआप भरून काढतो, माणूसही आणि मॉडेलही. "टार्गेट तयार असल्याची खात्री करा" हे वाचायला पूर्ण वाक्य आहे, करायला गेलं की ते अर्धं आहे हे कळतं. म्हणून वाचून मार्क देणं सोडा, काम करून घ्या.

मी जे करतो ते सांगतो. सपोर्टकडे आलेल्या खऱ्या प्रश्नांमधून साधारण २० कामं निवडा. काम लिहिताना फक्त काय हवंय ते लिहा, कोणत्या कमांडने ते लिहू नका, आणि डॉक्समधले शब्दही वापरू नका, कारण युजर "स्नॅपशॉट हायड्रेट करा" असं बोलत नाही, तो म्हणतो कालची फाइल परत दे. प्रत्येक कामाला कोरा कंटेनर (वेगळं, बंदिस्त टेस्टचं वातावरण), आधीच्या रनचं काहीही शिल्लक नको. आणि काम झालं की नाही हे एजंटला विचारायचं नाही, शेवटी सिस्टिम कोणत्या अवस्थेत आहे ते स्क्रिप्टने तपासायचं. डेटाबेसमध्ये त्या रो आल्या का, मूळ बॅकअपला धक्का लागला का. एजंट "झालं" म्हणतो आणि झालेलं नसतं हे इतक्या वेळा बघितलंय की त्यावर विसंबायचं कारणच नाही.

मग हीच कामं तीन प्रकारे चालवा. एकदा डॉक्स अजिबात न देता, एकदा डॉक्सची साइट देऊन शोधायला लावून, आणि एकदा ज्या पानांत उत्तर आहे नेमकी तीच पानं हातात देऊन. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक म्हणजे तुमच्या डॉक्सची खरी कमाई. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे माहिती आहे पण सापडत नाही. आणि तिसऱ्या प्रकारातही जे काम फसतं तिथे लिखाणच अपुरं आहे (किंवा टूलच तसं आहे). हे तीन रोग वेगळे आहेत, औषधंही वेगळी, आणि एका आकड्यात घातले की सगळे एकमेकांत मिसळून जातात.

डॉक्स न देता चालवायचं का, तर गिट किंवा कर्लसारखं टूल मॉडेलला ट्रेनिंगमधूनच माहीत असतं, तिथे डॉक्स कसेही असले तरी निकाल चांगला येतो आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपण छान लिहिलंय. त्याच्या उलटही होतं, जुन्या व्हर्जनचा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) मॉडेलच्या डोक्यात पक्का बसलेला असतो आणि समोर नवीन पान उघडं असूनही ते जुनाच फ्लॅग ठोकून देतं. हे पकडायचं असेल तर टेस्टसाठी टूलचं एक बिल्ड (वेगळी आवृत्ती) बनवा ज्यात दोन-तीन फ्लॅगची नावं बदललेली आहेत, डॉक्समध्येही तेच बदल करा, आणि बघा एजंट पानावरचं नाव वापरतो की आठवणीतलं.

एक रन करून निष्कर्ष काढू नका. तेच काम, तेच पान, आणि एजंट सकाळी बरोबर तर दुपारी चूक. प्रत्येक काम किमान ५ वेळा. आणि इथे कोणता आकडा धरता हे फार महत्त्वाचं आहे. २०२१ मध्ये ओपनएआयच्या कोडेक्सच्या पेपरमुळे पास-ॲट-के रूढ झालं, म्हणजे के प्रयत्नांत निदान एकदा जमलं तरी पास. टाऊ-बेंच नावाच्या २०२४ च्या बेंचमार्कने उलट विचारलं, के च्या के वेळा जमलं का. एका वेळी यशाची शक्यता ८० टक्के असेल तर पाचपैकी निदान एकदा जमणं जवळजवळ नक्की, पण पाचही वेळा जमण्याची शक्यता ३३ टक्क्यांवर येते. रिस्टोरच्या टूलला मी तरी दुसराच आकडा लावेन. ज्या माणसाचा डेटा गेलाय त्याला पाचपैकी एकदा चालणारं टूल नकोय.

अजून एक, २० कामं गुणिले ५ म्हणजे १०० रन. त्यात ७० जमले तर सरळ हिशेबाने ९ टक्के इकडे-तिकडे धरावे लागतात, आणि एकाच कामाचे ५ रन एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात म्हणून खरं तर त्याहूनही जास्त. तेव्हा पानं सुधारून ७० चे ७४ झाले की लगेच सुधारणा झाली असं कळवू नका. कामनिहाय बघा, आधी सतत फसणारं कोणतं काम आता सतत जमतंय.

शेलप्रेमी:

वरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. डॉक्स म्हणजे फक्त वेबसाइट नाही. एजंट बऱ्याचदा साइटवर जातच नाही, तो थेट कमांड चालवून बघतो, चुकली तर एरर वाचतो, मग --हेल्प (कमांडसोबतच येणारी मदत) बघतो, आणि जमलं नाही तरच साइट. म्हणजे सगळ्यात जास्त वाचलं जाणारं लिखाण म्हणजे तुमचे एरर मेसेज, आणि ते डॉक्स टीमने कधी बघितलेलेच नसतात.

आमच्याकडचा एक ट्रेस (एजंटने पायरीपायरीने काय केलं त्याची नोंद) सांगतो, तुमच्यासारखीच केस. मेसेज होता "एरर: अवैध टार्गेट", एवढाच. एजंटने काय करावं? नाव लहान अक्षरांत लिहून बघितलं. मग पूर्ण पाथ देऊन बघितला. मग अवतरण चिन्हात घालून. मग शेवटी स्लॅश लावून. आणि मग --हेल्पमध्ये त्याला --फोर्स दिसला, ज्याच्यासमोर लिहिलं होतं "तपासणी वगळा". तो लावला. चालला. आणि टार्गेटवर आधी जे होतं त्याच्यावर लिहून मोकळा झाला. टेस्टचा कंटेनर होता म्हणून नुकसान नाही, पण तो ट्रेस वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता, कारण एजंटची एकही पायरी मूर्खपणाची नव्हती, आम्ही जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावर तो वागला.

आम्ही मेसेज बदलला: "टार्गेट रजिस्टर केलेलं नाही. आधी टार्गेट ॲड कमांड चालवा. रजिस्टर असलेली नावं बघायला टार्गेट लिस्ट." आणि फोर्ससमोर लिहिलं की टार्गेटवरचा आधीचा डेटा कायमचा जातो, रजिस्टर नसलेल्या टार्गेटसाठी हा उपाय नाही. साइटवरचं एक अक्षर बदललं नाही, आणि ती चूक नंतरच्या रनमध्ये परत दिसली नाही.

आणि ही गोष्ट जुनीच आहे. नोव्हेंबर १९७१ चं युनिक्सचं पहिलं मॅन्युअल घ्या, त्यात प्रत्येक कमांडच्या पानावर नाव, वापर, वर्णन यांच्यासोबत डायग्नॉस्टिक्स असा वेगळा भाग ठेवला होता, कोणती एरर कधी येते ते सांगायला, आणि बग्ज असाही एक भाग होता. ५० वर्षांत आपण नेमका तोच भाग लिहायचा सोडला.

तपासताना अजून दोन गोष्टी बघा. मध्येच "पुढे जायचं का, हो की नाही" असं विचारणारी कमांड असेल तर एजंट तिथे लटकतो आणि टाइमआउट होतो, त्याला होकार देणारा फ्लॅग आहे हे त्या कमांडच्या हेल्पमध्येच लिहिलेलं हवं. आणि एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत देते तो आकडा, शून्य म्हणजे यश. काम फसलं तरी शून्य परत करणारं टूल असेल तर डॉक्स कितीही सुंदर लिहा, एजंट यशस्वी समजून पुढच्या कामाला लागणार.

सहजच:

शेलप्रेमी, पण हे डॉक्स तपासणं राहिलं नाही ना, हे टूल दुरुस्त करणं झालं. डॉकलेखिका यांना कोडला हात लावता येतो की नाही ते माहीत नाही, बहुतेक टीममध्ये लेखकाला येत नाही. म्हणून मला वाटतं निदान अहवालात तरी हे वेगळं दाखवावं, हे आमचं, हे डेव्हलपरचं. नाहीतर टूलच्या खोडीचं खापर लिहिणाऱ्याच्या डोक्यावर फुटतं.

फाइल्सबद्दल. एलएलएम्स डॉट टीएक्सटी हा जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेला प्रस्ताव आहे, साइटच्या मुळाशी एक मार्कडाउन फाइल, थोडक्यात ओळख आणि महत्त्वाच्या पानांच्या लिंक. पाटी आहे ती, रस्ता नाही. असली म्हणून मार्क देऊ नका, ती ठेवून आणि काढून रन करा, फरक पडला तर तिची किंमत कळेल. एजंट्स डॉट एमडी तर वेगळ्याच कामाची आहे, ती रिपॉझिटरीत कोड लिहिणाऱ्या एजंटसाठी असते, बिल्ड कसं करायचं, टेस्ट कशा चालवायच्या वगैरे. तुमचं टूल वापरणाऱ्या एजंटला ती दिसणारही नाही.

वेगळे डॉक्स मात्र लिहू नका, कळकळीने सांगते. दोन प्रती झाल्या की वर्षभरात एक शिळी होते आणि ती नेहमी तीच असते जी माणसं वाचत नाहीत, म्हणजे एजंटची. त्यापेक्षा आहे तेच पान साध्या मार्कडाउनमध्येही मिळेल एवढं करा. आमच्या इन्स्टॉलच्या पानावर तीन टॅब होते, विंडोज, मॅक, लिनक्स. ब्राउझरमध्ये दिसायला छान. एजंटने पान आणलं तेव्हा त्याला तिन्ही टॅबमधल्या कमांड एकाखाली एक मिळाल्या आणि टॅबची नावं गळून गेली होती, ती बटणावर होती, मजकुरात नव्हती. त्याने लिनक्सवर मॅकची कमांड चालवली. प्रत्येक कोडच्या आधी "लिनक्सवर:" एवढं लिहिलं आणि संपलं. म्हणून सांगते, पान आपल्या स्क्रीनवर बघून तपासू नका, एजंटच्या हातात जो मजकूर पडतो तो उघडून बघा एकदा तरी.

अनामिक_७:

यात एमसीपी (एजंटला बाहेरची टूल्स जोडायची सामायिक पद्धत) कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ते जाहीर केल्यापासून बऱ्याच टूल्सचे डॉक्स म्हणजे प्रत्यक्षात एक नाव, दोन ओळींचं वर्णन आणि पॅरामीटरचा जेसॉन स्कीमा (काय कसं भरायचं त्याचा साचा). एजंट निवड करतो ती यावरूनच. तिथे तपासताना "काम झालं का" याच्या आधी बरोबर टूल निवडलं का आणि बरोबर पॅरामीटर भरले का हे वेगवेगळं मोजा. एका सर्व्हरवर एकाच वर्णनाची दोन टूल होती, एकाचं नाव सर्च आणि दुसऱ्याचं फाइंड, एक मजकुरात शोधायचं आणि दुसरं फक्त आयडीवरून, पण वर्णनात दोन्हीकडे "रेकॉर्ड शोधते" एवढंच. एजंट आलटून पालटून दोन्ही वापरायचा. "आयडी माहीत असेल तरच हे वापरा, नाहीतर सर्च" एवढी ओळ टाकल्यावर थांबलं. तसंच तारखेचं, पॅरामीटरच्या वर्णनात "तारीख" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं, कुठल्या फॉरमॅटमध्ये, कुठल्या टाइमझोनमध्ये, शेवटचा दिवस धरून की वगळून, हे सगळं तिथेच हवं.

टूल फक्त वाचतं की काही मोडतोड करू शकतं हे सांगायच्या खुणाही एमसीपीच्या २०२५ च्या स्पेकमध्ये (अधिकृत नियमांच्या कागदात) आल्या आहेत, त्या भरा, पण तो निव्वळ इशारा आहे, संरक्षण नाही. सर्व्हर विश्वासाचा नसेल तर त्या खुणांवर विसंबू नये असं स्पेकच सांगतं.

आणि वर सगळे "अजून लिहा, अजून लिहा" म्हणतायत त्याला थोडा आवर. वर्णनं कॉन्टेक्स्टमध्ये (मॉडेलसमोर एका वेळी असलेल्या मजकुरात) येऊन बसतात आणि काम संपेपर्यंत जागा अडवतात. २०२३ मध्ये लॉस्ट इन द मिडल नावाचा पेपर आला होता, त्यात दिसलं की लांबलचक मजकुरात सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेल नीट वापरतं आणि मधली निसटते. मॉडेल बरीच सुधारलीत तरी मी अजूनही महत्त्वाची अट पानाच्या मध्यात पुरून ठेवत नाही. म्हणून यशासोबत किती टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खर्च झाले आणि किती पायऱ्या लागल्या हेही लिहून ठेवा. ४ पायऱ्यांचं काम १९ पायऱ्यांत पार पडलं तर ते पास आहे पण डॉक्स पास नाहीत.

शेवटचं, न होणारी कामंही टेस्टमध्ये घाला. म्हणजे तुमचं टूल जे करूच शकत नाही तेच मागा, समजा फक्त एकच टेबल रिस्टोर कर, आणि ते जमत नसेल तर बघा एजंट "हे होत नाही" म्हणतो की एखादा फ्लॅग मनानेच रचतो. आपण काय होतं ते लिहितो, काय होत नाही ते लिहीतच नाही, आणि रचलेल्या फ्लॅगचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

डॉकलेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तीन आठवडे लागले पण करून बघितलं. २० नाही जमली, १२ कामं घेतली, प्रत्येकी ५ रन, तिन्ही प्रकारे, म्हणजे १८० रन. ट्रेस मात्र सगळे स्वतः वाचले, डोळे दुखले पण त्यातूनच जे कळलं ते कळलं.

आधी वाईट बातमी. ४ कामं अशी निघाली जिथे डॉक्स न देता आणि डॉक्स देऊन काहीच फरक नाही, एजंट --हेल्पवरच भागवतो. म्हणजे शेलप्रेमी म्हणाले तेच. आणि आमचं सगळ्यात मेहनतीने लिहिलेलं "संकल्पना" हे पान त्या सगळ्या रनमध्ये फक्त दोनदा उघडलं गेलं. टार्गेट रजिस्टर करण्याची व्याख्या त्याच पानावर आहे.

रिस्टोरचं काम साइट देऊन एकदाही जमलं नाही, नेमकी दोन पानं हातात दिली की पाचही वेळा जमलं. म्हणजे लिखाण बरोबर होतं, फक्त जिथे गरज तिथे नव्हतं. आता रिस्टोरच्या पानावर सगळ्यात वर लिहिलंय: "टार्गेट रजिस्टर केलेलं नसेल तर रिस्टोर चालणार नाही. फोल्डर बनवणं पुरेसं नाही." आणि खाली लगेच कमांड. परत चालवलं, आता पाचपैकी चार. पाचव्यात काय झालं ते बघितलं तर एजंटने पान उघडलंच नव्हतं, एररवरून अंदाज बांधत गेला. तो मेसेज बदलायची विनंती डेव्हलपरकडे दिलीय, ट्रेस जोडून. आधी मी नुसतं "मेसेज स्पष्ट करा" असं लिहायचे आणि ते मागे पडायचं, या वेळी ट्रेस बघून त्याच दिवशी घेतलं.

न होणाऱ्या कामाचं अनामिक_७ यांनी सांगितलं होतं ते एकच घातलं, एक टेबल रिस्टोर. पाचही वेळा एजंटने --टेबल असा फ्लॅग लिहिला. आमच्याकडे असा फ्लॅग कधीच नव्हता.

१०० पैकी आकडा दिला नाही. कामांचा तक्ता दिला, तीन रकाने आणि चौथ्यात कारण, आणि सहजच म्हणाल्या तसं आमचं आणि डेव्हलपरचं वेगळं. पहिल्यांदा आकडाच मागितला गेला, पण तक्ता उघडल्यावर सगळी चर्चा रिस्टोरच्या ओळीवरच झाली.

एक शंका आहे. आता मला ही १२ कामं पाठ झालीत, पानं सुधारताना तीच डोळ्यासमोर येतात. असं करत गेले तर ही १२ जमतील आणि तेरावं फसेल ना?

ट्रेसवाचक:

हो, फसेल. म्हणून अजून ८ कामं दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या, सपोर्टमधलं कोणी असेल तर उत्तम, आणि ती तुम्ही बघू नका, फक्त निकाल घ्या. पानं सुधारायची ती तुमच्या १२ वर, तपासायची या ८ वर. दर रिलीजला दोन-तीन नवीन घाला आणि जुनी काढा. आणि एकाच मॉडेलवर थांबू नका, निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची घ्या, त्यातलं एक छोटं. मोठं मॉडेल अंदाजाने भागवून नेतं तिथे छोटं अडखळतं, आणि ते जिथे अडखळतं तीच वाक्यं परत लिहायला घ्या. त्या --टेबलसाठी काय लिहिणार आहात?

डॉकलेखिका:

रिस्टोरच्या --हेल्पमध्ये शेवटची ओळ: "एकच टेबल रिस्टोर करता येत नाही. पूर्ण डेटाबेस वेगळ्या नावाने रिस्टोर करा आणि त्यातून टेबल कॉपी करा." सपोर्टच्या मैत्रिणीला ८ कामं लिहायला सांगितलीत, शुक्रवारपर्यंत देते म्हणालीय. ती आली की दोन मॉडेलवर चालवून निकाल इथेच टाकते.